हलकी बॅटरी, जड बॅटरी

मुलांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी मोटारसायकल असेलच. तिची बॅटरी कुठे असते, पाहिलंय का कधी? बहुतेक गाड्यांत ती सीटखाली, नाहीतर बाजूच्या झाकणाआड बसवलेली असते. दिसायला जेवणाच्या डब्याएवढी. पण कुणी ती बाहेर काढून तुमच्या हातात दिली, तर हात एकदम खाली जातो. एवढीशी वस्तू इतकी जड कशी? तिच्या पोटात शिसं असतं, म्हणून.

माझ्या मोटारसायकलीतली अशी जड बॅटरी गेल्या वर्षी मी काढली आणि तिच्या जागी लिथियमची हलकी बॅटरी बसवली. आता तुम्ही म्हणाल, बाई, यात लिहिण्यासारखं काय आहे? पण या एका बॅटरीपायी आमच्या शाळेत महिनाभर काय काय चाललं होतं! तेच सांगते.

आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात आहे. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. मी राहते तालुक्याच्या गावी. शाळा तिथून अकरा किलोमीटर. एसटी आहे, पण ती शाळा भरल्यावर येते आणि सुटायच्या आधी जाते! म्हणून भावाची जुनी मोटारसायकल मी वापरते. तिला किक नाही. बटण दाबलं की गाडी चालू. पण हे बटण बॅटरीच्या जोरावर चालतं. बॅटरी बसली, की बाईही रस्त्यावर बसल्या!

दिवाळीच्या सुटीत नेमकं तेच झालं. मी वायर काढून ठेवली होती, तरीही परत आल्यावर बटण दाबलं तर आतून नुसतं 'टक् टक् टक्'. शेवटी दोघा शेजाऱ्यांनी धक्का मारला, मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. एकशेचाळीस किलोची गाडी ढकलून बघा एकदा. तोही एक व्यायामच आहे.

बॅटरी पाचव्या वर्षात होती. म्हातारी झाली होती म्हणा ना. पण ती म्हातारी होते म्हणजे काय होतं? शिशाची बॅटरी फार जुनी आहे बरं का. फ्रान्समधल्या गॅस्टन प्लांटे यांनी ती १८५९ मध्ये बनवली. आत शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये गंधकाचं तेजाब, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल. वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट जमतं. पुन्हा चार्ज केली की ते विरघळतं. पण बॅटरी बरेच दिवस उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, तर त्या सल्फेटचे खडे घट्ट होऊन बसतात आणि मग ते निघता निघत नाहीत. तव्यावर करपलेलं लगेच घासलं तर निघतं, चार दिवसांनी घासलं तर तवा घासणाऱ्याचे हात दुखतात, तसंच काहीसं.

नवी बॅटरी घ्यायचीच होती. गॅरेजमधले मिस्त्री म्हणाले, "मॅडम, आता लिथियमची पण मिळते. हलकी असते. पण महाग आहे." किंमत विचारली तर साध्या बॅटरीच्या चौपट! मी म्हटलं, विचार करून सांगते.

हा विचार मी वर्गात बोलून दाखवला. तशी चौथीतली एक मुलगी पटकन म्हणाली, "बाई, हलकी म्हणजे लेचीपेची असणार ना?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आपण बाजारात नारळ घेतो तेव्हा जड बघून घेतो. मग बॅटरी हलकी का घ्यायची?

लिथियम हा सगळ्यांत हलका धातू. एक लिटरची बाटली डोळ्यांसमोर आणा. पाण्याने भरली तर आतल्या पाण्याचं वजन एक किलो. तीच बाटली शिशाने भरली तर अकरा किलोंहून जास्त. आणि लिथियमने भरली तर अर्ध्या किलोच्या जरासंच वर. पण इथे एक गंमत आहे. लिथियमच्या बॅटरीत लिथियम अगदी थोडंच असतं. बाकी लोखंड, फॉस्फेट, कोळशासारखा ग्रॅफाइट, तांबं, ॲल्युमिनियम असं बरंच काही. तेव्हा ती केवळ धातू हलका म्हणून हलकी नसते. एक किलो शिशाच्या बॅटरीत जेवढी वीज साठते, त्याच्या तिप्पट-चौपट वीज एक किलो लिथियमच्या बॅटरीत साठते. म्हणून तेवढ्याच कामाला लहान बॅटरी पुरते. लेचीपेची नव्हे, काटक म्हणा.

माझ्या बॅटरीचं पूर्ण नाव लिथियम आयर्न फॉस्फेट. मोबाइलमध्ये असते ती हिची चुलत बहीण. मोबाइलच्या बॅटरीत सहसा कोबाल्ट असतं, हिच्यात लोखंड आणि फॉस्फेट. त्यामुळे ही लवकर पेट घेत नाही. मोटारसायकलीत सीटखाली बसवायची म्हणजे हे महत्त्वाचं. हा पदार्थ बॅटरीत वापरता येईल हे अमेरिकेतल्या टेक्सासच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये छापलेल्या निबंधात दाखवलं. निबंधावर तीन नावं होती: पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ. त्यांतली दोन नावं ऐकून तुमचे कान टवकारले असतील! तिसरे जॉन गुडइनफ. लहानपणी त्यांना वाचायला फार त्रास व्हायचा, अक्षरं लागायची नाहीत. त्याच माणसाला २०१९ मध्ये स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि जपानचे अकिरा योशिनो यांच्याबरोबर लिथियम बॅटरीसाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा त्यांचं वय किती असेल? सत्त्याण्णव! आमच्या वर्गात वाचताना अडखळणारा एक मुलगा आहे. हे सांगताना मी मुद्दाम त्याच्याकडे बघितलं नाही. पण त्याने ऐकलं.

तर बॅटरी घ्यायचं ठरलं. पण घेण्याआधी एक काम होतं, आणि पालकहो, हे तुमच्यासाठीसुद्धा आहे.

गाडी चालू असताना इंजिन बॅटरीला चार्ज करत असतं. किती व्होल्टने करायचं ते रेग्युलेटर नावाचा एक भाग ठरवतो. तो जणू नळाची तोटी. लिथियमच्या बॅटरीच्या माहितीपत्रकावर स्पष्ट लिहिलं होतं, १४.६ व्होल्टपेक्षा जास्त नको. मग माझी गाडी किती देते? मिस्त्रींना मी म्हटलं, आधी मोजू या. त्यांनी मल्टिमीटर काढला, लाल सुई अधिकला लावली, काळी वजाला. इंजिन सावकाश चालू असताना आकडा आला १३.९. छान. पण गाडी रेस केली तसा आकडा चढायला लागला. १४.५... १४.८... १५.२!

मिस्त्रींनी मीटरकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "रेग्युलेटर गेलाय. तुमची जुनी बॅटरी पण यानेच लवकर खाल्ली असणार." जास्त व्होल्टमुळे शिशाच्या बॅटरीतलं पाणी वायू होऊन उडून जातं आणि ती आतून सुकते. ती बिचारी सोसत सोसत मरते. लिथियमची बॅटरी असं सोसत नाही. तिच्यात एक छोटं इलेक्ट्रॉनिक पहारेकरी सर्किट असतं. ते फार झालं की वाटच बंद करतं, आणि तरीही रोज रोज मारा झाला तर बॅटरी खराब होते. रेग्युलेटर बदलला. पुन्हा मोजलं, १४.३. त्यानंतरच मी नव्या बॅटरीचे पैसे दिले. खर्च अर्थातच वाढला. कुणी नुसतं 'काढा जुनी, बसवा नवी' म्हणत असेल, तर त्याला म्हणा, आधी मीटर लावा.

बसवताना मी गॅरेजमध्ये उभी राहून सगळं नीट बघितलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर चित्र काढलं. काढताना आधी वजा टोकाची वायर सोडायची, मग अधिकची. बसवताना उलट, आधी अधिक, मग वजा. का बरं? गाडीचा सगळा सांगाडा वजा टोकाला जोडलेला असतो. वजा जोडलेली असताना अधिकचा नट फिरवायला गेलात आणि पाना सांगाड्याला टेकला, तर पान्यातूनच वीज धावते. ठिणग्या उडतात, पाना तापून लाल होऊ शकतो. म्हणून हे काम मोठ्यांनीच करायचं. तुम्ही बघायचं, आणि क्रम चुकला तर ओरडायचं!

नवी बॅटरी आकारानेही लहान होती. जुन्या कप्प्यात ती खुळखुळली असती. मिस्त्रींनी बाजूंना फोमचे तुकडे बसवून ती घट्ट केली. आत प्रत्येकी ३.२ व्होल्टचे चार सेल आहेत. करा गुणाकार. आणि शिशाच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा सेल असतात. दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखी आली ना? म्हणून तर एकीच्या जागी दुसरी चालते.

जुनी बॅटरी मी पिशवीत घालून शाळेत नेली, कारण मुलांना वजन करायचं होतं. दुकानदाराकडे ती द्यायचीच होती, पण तो म्हणाला, शनिवारी आणा. पोषण आहाराचे तांदूळ मोजायचा काटा आमच्याकडे आहे. त्यावर जुनी बॅटरी ठेवली, तीन किलोला थोडी कमी. मग गाडीतून नवी काढली (वजा आधी, अधिक नंतर, दोन मुलं पहाऱ्याला!), ती भरली नऊशे ग्रॅम. दोन किलोंचा फरक. सगळ्यांनी दोन्ही उचलून बघितल्या आणि मग प्रत्येकाने हात साबणाने धुतले. का, ते पुढे येईलच.

"बाई, आता गाडी पळेल का जोरात?" एकाने विचारलं.

खरं सांगू का? मला काही फरक जाणवला नाही. एकशेचाळीस किलोंतले दोन गेले, वर मी बसणार, माझी पिशवी, पावसाळ्यात रेनकोट. शर्यतीत धावणाऱ्यांना दोन किलो म्हणजे पुष्कळ. मला नव्हे. फायदा झाला तो दुसरीकडे. बटण दाबताक्षणी इंजिन चालू होतं. आणि मे महिन्याच्या सुटीनंतर वायर जोडली, बटण दाबलं, गाडी सुरू! धक्का मारणारे शेजारी उगीच बाहेर येऊन उभे होते.

तिचे नखरेही आहेत. दिवा चालू राहिला तर ती साध्या बॅटरीपेक्षा लवकर उतरते, कारण साठाच लहान. पूर्ण उतरली तर कायमची बिघडू शकते. शून्य अंशाच्या खाली तिला चार्ज करू नये. आमच्या कोकणात त्याची काळजी नाही, पण तुमचे काका गाडी घेऊन लडाखला जाणार असतील तर त्यांना सांगा. जुने, सल्फेट घालवणारे चार्जर तिला लावायचे नाहीत. आणि पालकहो, तुमची साधी बॅटरी चांगली चालत असेल, तर केवळ हौस म्हणून ती बदलू नका. चौपट किंमत म्हणजे चौपट सुख, असं काही नसतं.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं.

वजनाच्या दिवशी संध्याकाळी पहिलीतल्या एका मुलाचे वडील शाळेत आले. खाडीत मासे मारतात. मुलाने घरी जाऊन सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "बाई, ती जुनी बॅटरी तुमच्या काय कामाची? मला द्या. पागाला शिसं होईल."

पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं. त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. जाळं हवेत उघडतं, पाण्यावर पडतं आणि त्या गोळ्यांच्या वजनाने झपकन तळाला जाऊन माशांना कोंडतं. मला जे ओझं वाटत होतं, त्यावर त्यांचं घर चालत होतं. लिथियमचा पाग कुणी करील का? तो पाण्यावर तरंगेल आणि वर पाण्याशी भांडून फसफसेल!

"कसं काढणार शिसं?" मी विचारलं.

"अंगणात फोडायची. पाणी ओतून द्यायचं. शिसं चुलीवर वितळवायचं. आमचे आजोबा पण असंच करायचे."

ते ज्याला पाणी म्हणत होते, ते तेजाब. आणि बॅटरीतलं शिसं म्हणजे एकसंध गोळा नसतो. पट्ट्यांवर शिशाच्या भुकटीचा लगदा असतो. फोडली की ती भुकटी अंगणभर होते, कपड्यांना लागते, पायांबरोबर घरात येते. शिसं ३२७ अंशांना वितळतं, चुलीत तेवढी आच सहज होते, आणि त्याबरोबर निघणारा धूर नाकात जातो. मोठ्यांच्या मानाने लहान मुलांच्या पोटात गेलेलं शिसं चार-पाच पट जास्त अंगात शोषलं जातं. रक्त कमी होतं, वाढ खुंटते, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मेंदूला इजा होते. ती भरून येत नाही. अमुक इतकं शिसं चालेल असा सुरक्षित आकडाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' यांनी २०२० मध्ये एक अहवाल काढला. त्यात म्हटलं होतं की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात काळजी वाटण्याइतकं शिसं आहे. त्याचं एक मोठं कारण म्हणजे उघड्यावर फोडल्या जाणाऱ्या बॅटऱ्या.

त्या माणसाचा मुलगा तेव्हा फाटकाला लोंबकळत होता. अंगठा तोंडात.

मी नाही म्हटलं. कारणंही सांगितली. ते शांतपणे ऐकत होते, पण त्यांना पटलं नव्हतं. म्हणाले, "दुकानातल्या तयार गोळ्यांना किती पैसे पडतात, ठाऊक आहे का बाई तुम्हाला?" मला ठाऊक नव्हतं. ते निघून गेले. वाईट वाटलं. एरवी याच घरातून आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला मासळी येते आणि पैसे घेतले जात नाहीत.

शनिवारी बॅटरी दुकानात दिली. त्यांनी जुन्या बॅटरीचे थोडे पैसे बिलातून कमी केले होतेच. आपल्या देशात २००१ पासून यासाठी नियम आहेत, २०२२ मध्ये ते नव्याने केले. त्यात आता लिथियमच्याही बॅटऱ्या आल्या. जुनी बॅटरी परत घेऊन ती नोंदणी असलेल्या कारखान्यात वितळवायची आणि तेच शिसं पुन्हा वापरायचं. माझी ही नवी बॅटरीही एक दिवस अशीच द्यावी लागेल. कचऱ्यात टाकून तिला खिळा लागला तर आगही लागू शकते.

पंधरा दिवस ते गृहस्थ रस्त्यात दिसले तरी बोलले नाहीत. मग एके दिवशी मधल्या सुटीत त्यांचा मुलगा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"बाई, बाबांनी विचारलंय, घरात पाग आहे तो पण वाईट का?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी त्याला सांगितलं, तयार गोळी नुसती जाळ्याला असली तर भुकटी आणि धुराएवढी भीती नाही. पण तिच्याशी खेळायचं नाही, तोंडात घालायची नाही. जाळ्याला हात लावला की जेवायच्या आधी साबणाने धुवायचे. पाग स्वयंपाकघरात नको, ओटीच्या बाहेर टांगा. त्याने बोटांवर मोजत सगळं पाठ केलं. मग थोडा घुटमळला.

"काय रे?"

"बाबा गोळी दातांनी दाबतात."

जाळ्यातली गोळी निसटली की नवी, चिरलेली गोळी दोरीवर ठेवून दातांनी दाबून बसवतात. मी इतकी वर्षं या गावात आहे, पाग विणताना पाहिलेत, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी बाहेर गेले, मोटारसायकलीच्या सीटखाली हत्यारांची पिशवी असते, ती उघडली. बॅटरी लहान झाल्यामुळे तिथे आता भरपूर जागा आहे. छोटी पक्कड काढून त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, बाबांना सांग, आता याने दाबा.

ती पक्कड अजून परत आलेली नाही. मी मागितलीही नाही.